सारंगागार

बगळे, ढोकऱ्या, पाणकावळे, करकोचे, शराटी, चमचा अशा पाणथळ जागी चरणाऱ्या पक्ष्यांनी विणीच्या हंगामात एकाच झाडावर किंवा झाडांच्या एकाच पुंजक्यात दाटीवाटीने केलेल्या घरट्यांच्या वसाहतीला सारंगागार म्हणतात. इंग्रजीतील ‘हेरॉनरी’ या संज्ञेसाठी हा शब्द अरण्यलेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी मराठीला दिला. कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ हा शब्दही त्यांचाच.

घरट्यांची ही दाटी पाहून परस्परसाहाय्याची कल्पना मनात येते, परंतु ती बहुतांशी फसवी आहे. सातभाईंच्या थव्यात एका जोडीची पिल्ले भरवायला थव्यातील इतर पक्षीही झटतात; सारंगागारात मात्र प्रत्येक जोडीचा संसार स्वतंत्र असून शेजाऱ्याशी तिचे नाते केवळ सोसण्याचे असते. बसल्या जागेवरून मान ताणली असता चोच जिथवर पोहोचते तिथवर त्या जोडीची हद्द, आणि दोन घरट्यांमधील अंतरही साधारण तेवढेच राहते. बगळ्यांमध्ये नर काटक्या आणतो व मादी त्या घरट्यात खोवते. शेजारचे घरटे क्षणभर जरी राखणीविना राहिले, तरी त्यातील काटकी ओढून नेली जाते, त्यामुळे जोडीपैकी एकाला बहुधा घरट्यावर बसूनच राहावे लागते.

असे असूनही हे पक्षी एकत्र येतात, याची कारणे अनेक आहेत. पाण्याने वेढलेली वा काटेरी अशी सुरक्षित झाडे मुळात थोडी असतात, आणि घार किंवा कावळा आल्याचे अनेक डोळ्यांना लवकर कळते. पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या ‘माहिती केंद्र’ सिद्धान्तानुसार, रिकाम्या पोटी परतलेला पक्षी दुसऱ्या दिवशी चाऱ्याची जागा गवसलेल्या पक्ष्यांच्या मागोमाग जाऊ शकतो, म्हणजेच वसाहत ही खबर मिळण्याची जागा ठरते. हा सिद्धान्त सर्व जातींना सारखाच लागू पडतो की नाही, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

मिश्र सारंगागारात सर्वसाधारणपणे राखी बगळा, चित्रबलाक असे मोठे पक्षी शेंड्याकडे आणि लहान बगळे व ढोकऱ्या खालच्या फांद्यांवर घरटी करतात. जागेप्रमाणे वेळेचीही वाटणी दिसते: तिन्हीसांजेला बगळ्यांच्या रांगा झाडाकडे परतू लागतात, त्याच सुमारास रातढोकऱ्या ‘वाक् वाक्’ असा घोगरा आवाज करीत चरायला बाहेर पडतात.

बगळ्यांची मादी एक-दोन दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते. परंतु उबवणे सर्व अंडी होण्याआधीच सुरू होत असल्याने पिल्लेही मागेपुढे बाहेर येतात. आईबापांनी ओकलेल्या माशा-बेडकांवर थोरली पिल्ले आधी तुटून पडतात, धाकट्याला टोचून मागे रेटतात, आणि चारा कमी पडला तर ते उपाशी मरते किंवा खाली पडते. ही व्यवस्था निर्दय भासते खरी, पण चारा मुबलक असलेल्या वर्षी सर्व पिल्ले जगतात आणि टंचाईच्या वर्षी निदान थोरली तरी वाचतात, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. चित्रबलाकाच्या घरट्यावर याहून सौम्य दृश्य पाहायला मिळते: भर दुपारी आई किंवा बाप पंख पसरून उन्हाकडे पाठ करून उभा राहतो आणि त्या सावलीत पिल्ले पडून असतात.

वसाहतीखालची जमीन आणि पाने विष्ठेने चुना फासल्यासारखी पांढरी होतात. वर्षानुवर्षांच्या अशा माऱ्याने झाडे वाळतात, पण हीच विष्ठा पाण्यात मिसळली की खत ठरते. तमिळनाडूतील वेदांतंगलच्या शेतकऱ्यांनी तळ्याच्या पाण्याचा हा गुण ओळखून पक्ष्यांची राखण केली आणि १७९८ मध्ये चिंगलपुटच्या कलेक्टरकडून त्यांच्या संरक्षणाची सनद मिळवली. कर्नाटकातील कोक्करेबेल्लूरमध्ये चित्रबलाक आणि झोळीवाले पाणपक्षी थेट गावातल्या चिंचांवर घरटी करतात. महाराष्ट्रात इंदापूर तालुक्यातील भादलवाडीच्या तलावातील बाभळी चित्रबलाकांच्या घरट्यांसाठी प्रसिद्ध आहेत.

एकाच जागी गोळा होण्याची ही सवय माणसाच्या लोभापुढे घातकही ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांसाठी बगळ्यांच्या विणीच्या काळातील तलम तुऱ्यांना भारी किंमत येई, आणि नेमक्या त्याच काळात सगळे पक्षी एका झाडावर सापडत. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. आज गावा-शहरांतील वड, चिंच, वर्षावृक्ष यांवर गायबगळ्यांची घरटी ऐन पावसाळ्यात असतात आणि दुर्गंधीच्या तक्रारीवरून फांद्या छाटण्याचे कामही पुष्कळदा त्याच सुमारास निघते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे किंवा घरटी विस्कटणे याचाही समावेश आहे.