४ ऑगस्ट : नाकारलेली परवानगी

४ ऑगस्ट २००८. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळलेल्या मुंबईतील महिलेला गर्भपाताची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. कायद्याची २० आठवड्यांची मुदत उलटली होती. तिचे डॉक्टर निखिल दातार हेही याचिकाकर्ते होते.

२०२१च्या दुरुस्तीने गर्भात गंभीर व्यंग असल्यास मुदतीची अट गेली. पण शब्द अखेर वैद्यकीय मंडळाचा, बाईचा नव्हे. बलात्कारपीडितेला मर्यादा २४ आठवड्यांची. अशी अंबड-घनसावंगीकडची पोर ऊसतोडीच्या फडावर असेल, तर दिवस गेल्याचे कळेपर्यंतच महिने सरतात आणि मर्यादा उलटते. मग जालन्याहून औरंगाबाद खंडपीठ गाठा, वकील करा, तपासणीला उभे राहा. मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे, असा नियम आहे. तिथवर पोहोचायला तिला लागणारे दिवस त्यात धरलेले नाहीत.