अकलूजचा मंच आणि आईचे नाव

ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रीच्या इतिहासात १९९३ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे, असे आम्हांला वाटते. त्या वर्षी २४ एप्रिलला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. त्याच वर्षी अकलूज येथे, सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ, जयसिंह मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. पहिल्या घटनेवर अभ्यासकांनी भरपूर लिहिले. दुसरी मात्र करमणुकीच्या सदरात जमा झाली.

स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. दत्तो वामन पोतदारांच्या समितीनंतर ती उठली, तरी संहिता तपासून घेण्याची अट राहिली. प्रजासत्ताकाने या स्त्रीला मताचा हक्क दिला आणि तिच्या तोंडच्या शब्दांवर पहारा बसवला! अकलूजने तिच्यासमोर परीक्षक बसवले, अदाकारीला गुण दिले. हे थोडे नव्हे. बक्षीस देणारा हात कोणाचा, हा प्रश्न अर्थात उरतोच.

या कलावतींची नावे पाहावीत: यमुनाबाई वाईकर, रोशन सातारकर. स्वतःचे नाव आणि पुढे गाव. मध्ये ना बाप, ना नवरा. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रिया, बहुतांश उत्तरेकडील, मतदारयादीतून वगळल्या गेल्या, कारण अमक्याची बायको वा तमक्याची मुलगी यापलीकडे त्यांनी नाव सांगितले नाही. लावणीवालीला ही अडचण नव्हती. नाव हीच तिची मिळकत.

ते नाव अडले मुलाच्या शाळेत. सोलापूर जिल्ह्यातल्याच करमाळा तालुक्यातील किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मध्ये आले. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीचे लग्न होत नसे. एखाद्याने ‘चिरा’ उतरवायचा, तिच्या कमाईवर बाप-भावांनी बसून खायचे, आणि तिच्या मुलाने बापाच्या नावाचा रकाना कसा भरायचा ते कोणी सांगायचे नाही. काळे डॉक्टर झाले आणि त्यांनी त्या रकान्यात आईचे नाव लिहिले. राखीव जागेइतकीच ही नागरिकत्वाची गोष्ट आहे, असे आमचे मत आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे राज्याने बंधनकारक केले. काळे यांचे २००७ मध्येच अपघाती निधन झाले होते.