भिंतींतील बंध, मराठवाड्यातील
भिंतीची दोन्ही तोंडे, तिचे थर व कोपरे एकमेकांस जखडून ठेवणाऱ्या दगडी, लाकडी, लोखंडी किंवा काँक्रीटच्या जोडणीस बंध म्हणतात. भिंतीचा टिकाव तिच्या जाडीपेक्षा या बंधांवर अधिक अवलंबून असतो. मराठवाड्यात हे तत्त्व मंदिरांत कसोशीने पाळले गेले. घरांत मात्र त्याची उपेक्षा झाली आणि तिची किंमत फार मोठी पडली.

यादवकालीन व तत्पूर्वीच्या ज्या मंदिरांना सरसकट हेमाडपंती म्हटले जाते, त्यांची बांधणी चुन्याविना केलेली आहे. (सर्वांचे श्रेय हेमाद्रीस देण्याची रूढी इतिहासाला धरून नाही.) घडीव दगड एकमेकांवर घट्ट बसवून, कुसू व खाच यांच्या साह्याने ते अडकविलेले असतात, उरलेले काम त्यांचे वजन करते. बीड येथील जलकुंडातील कंकालेश्वर मंदिर याच परंपरेतील आहे. प्राचीन ग्रीक शिल्पी दगड सांधण्यास लोखंडी आकडे वापरीत व ते गंजू नयेत म्हणून त्यांवर शिसे ओतीत.

गावातील घराची रीत वेगळी होती. त्वरिता देवीच्या मंदिरामुळे परिचित असलेले गेवराई तालुक्यातील तलवाडा घ्या किंवा दक्षिणेकडील किल्लारी. या भागात काळा दगड व माती हीच हाताशी असलेली सामग्री. गवंडी भिंतीची आतली व बाहेरची तोंडे स्वतंत्रपणे रचीत आणि मधली पोकळी दगडांच्या तुकड्यांनी व चिखलाने भरीत. भिंत सु. ६० सेंमी. ते १ मी.पेक्षाही जाड होई, परंतु आरपार जाणारा दगड तीत क्वचितच असे. माळवदाचा भार बहुधा लाकडी खांबांवर असे. पावसाचे पाणी मुरून माती सैल झाली, की भिंतीला पोट सुटे. जाड भिंत उन्हाळ्यात गारवा देई व भक्कम भासे. प्रत्यक्षात त्या शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंतीच होत्या.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६·२ महत्तेचा भूकंप झाला. भिंतींची तोंडे अलग होऊन कोसळली. त्यांखाली व माळवदांच्या मातीखाली झोपेतील माणसे गाडली गेली. मृतांची संख्या सु. ८,००० होती. तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंपविभागात होता. २००२ मध्ये तो विभागच रद्द करण्यात आला. काही घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या पडल्या.

त्याच वर्षीच्या भारतीय मानकाने अशा बांधकामासाठी नियम घालून दिले. भिंतीची जाडी ४५ सेंमी.पेक्षा अधिक नसावी. दर ६० सेंमी. उंचीस थर समपातळीत आणावा. त्या प्रत्येक टप्प्यात जास्तीत जास्त १·२ मी. अंतरावर भिंतीइतक्या लांबीचा बंधदगड बसवावा. तसा दगड न मिळाल्यास ८ ते १० मिमी. व्यासाची, टोके वाकविलेली सळई चालते. जोते, छावणी व छप्पर या पातळ्यांवर प्रबलित काँक्रीटचे पट्टे घालतात. काळ्या जमिनीत जोत्याच्या पट्ट्याचा आणखी एक उपयोग असतो : ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पाया असमान खचला तरी तो भिंत सावरून धरतो. पट्ट्यातील सळया कोपऱ्यावर तोडून चालत नाही. त्या वळवून शेजारच्या भिंतीत पुरेशा लांबीपर्यंत न्याव्या लागतात. ही साधी बाब चुकली, तर पट्टा असूनही कोपरा उघडतो. सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण नसेल, तर ती गंजते आणि गंजताना फुगून काँक्रीटच फोडते.

उभ्या असलेल्या जुन्या भिंतीतही बंध बसविता येतो. काही दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडतात, त्यात आकडेदार सळई ठेवून काँक्रीट भरतात. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि अन्यत्र घरांच्या दुरुस्ती व बळकटीकरणासाठी अर्थसाह्य देण्यात आले. तथापि दगडी भिंतीवरील लोकांचा विश्वास उडाला होता. बऱ्याच घरमालकांनी त्या रकमेतून विटा-सिमेंटची नवी खोली बांधली व जुन्या भिंती बंधांविना तशाच राहिल्या.