कसरत आणि ओझे

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा येते. हा धानाचा मुलूख. इथे पोती उचलणाऱ्याला वजन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तरीही 'वजन मारले की सांधे झिजतात', 'व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते', असे आपण सर्रास ऐकतो. स्नायू आणि चरबी हे वेगळे पेशीसमूह आहेत. एकाचे दुसरे होत नाही.

आखाड्याची भाषा पाहा. वजन, तालीम, मेहनत, कसरत हे शब्द अरबीतून आले. पैलवान, वस्ताद, खुराक फारसीतून. दंड आणि मुद्गल संस्कृतातले. लाल मातीत हे सगळे कधीच एक झाले. 'तालीम' म्हणजे शिकवण आणि 'कसरत' म्हणजे मुळात विपुलता, वारंवारता. शरीरातही नेमका हाच क्रम दिसतो. पहिले काही आठवडे मज्जासंस्था शिकते, म्हणून दंड फुगण्याआधीच ताकद वाढते. मग वारंवारतेने स्नायूंचे तंतू जाड होतात. भार पडला की हाडही घट्ट होते, हे जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. कामाला लागलेला स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. मधुमेह घरोघरी असताना हे महत्त्वाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांना क्रमाक्रमाने वाढणारे वजन उचलायला लावले आणि १९४५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. १९९० मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या १० जणांना पायांचा असा व्यायाम दिला गेला. ज्यांनी ८ आठवडे पूर्ण केले, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

मग हमालाची पाठ का मोडते? कारण त्याचे वजन त्याच्या ताकदीवर नव्हे, पोत्यावर ठरते. शरीराची बांधणी विश्रांतीत होते, आणि तीच त्याला मिळत नाही. कसरत आणि ओझे यांत फरक आहे तो एवढाच.

जिम तरुणाला मिळाली, ओझे हमालाला. सजद्यातून किंवा चुलीपुढून उठताना गुडघ्यावर हात टेकणाऱ्या अम्मीला मात्र आपण फक्त 'जपून' म्हणतो. डॉक्टरांना विचारून तिला खुर्चीवरून रोज दहा वेळा उठबस करू द्या. तालीम तिचाही हक्क आहे.