सावित्रीमाईंना वाट कोणी दाखवली?

दर 3 जानेवारीला आम्ही भाषणात सांगतो की सावित्रीमाई शिक्षिका झाल्या. त्या शिक्षिका कशा झाल्या, हे मात्र क्वचितच सांगतो. आमच्या भाषणात त्या थेट शेणगोळे झेलत शाळेत पोहोचतात. त्याआधीचे प्रशिक्षण गळून जाते.

जोतीरावांनी नगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. घरी अक्षरओळख झाल्यावर सावित्रीमाईंनी याच फरारबाईंच्या नगरच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले. कुठे जायचे, कोणाकडे शिकायचे, हे ठाऊक असलेला माणूस त्यांच्या घरात होता. आज यालाच शैक्षणिक मार्गदर्शन म्हणतात.

दोन भाषांचे महत्त्वही फुल्यांना कळले होते. 1873 च्या ‘गुलामगिरी’चा मजकूर मराठीत आहे आणि प्रस्तावना इंग्रजीत. 1882 साली हंटर आयोगापुढचे निवेदन त्यांनी इंग्रजीत दिले. त्यात मागणी काय होती? प्राथमिक शाळेचे शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. बाबासाहेबांनीही ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ इंग्रजीत लिहिले. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलायचे आणि सत्तेला तिच्या भाषेत जाब विचारायचा, ही आपली परंपरा आहे.

आता त्याच नगर जिल्ह्यातल्या राहात्याकडे या. वस्तीतली मुलगी म्हणते, मला बाई व्हायचंय. तिच्या घरी बोलीतली मराठी, वर्गात पुस्तकी मराठी आणि पुढे इंग्रजी. तिला हमखास मिळणारा सल्ला एकच: “इंग्रजी तुला झेपणार नाही, सोपा विषय घे.” बोलणाऱ्याला ती काळजी वाटते. आम्हाला त्यात जुनी पायरी दिसते. कारण बी.एड.ला अध्यापनाचे विषय पदवीच्या विषयांवरून ठरतात. पदवीला इंग्रजी सोडले की हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवण्याचे दार तिथेच बंद होते. हे तिला प्रवेशाच्या दिवशी कोणी सांगत नाही.

बारावीनंतर डी.एल.एड. की पदवीनंतर बी.एड.? दोन्ही दोन वर्षांचे. टीईटीत पहिली ते पाचवीसाठी एक पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येकी 150 गुण, त्यातले 60 गुण दोन भाषांचे. म्हणजे जी दुसरी भाषा तिला टाळायला सांगितली, तिचेच 30 गुण पुढे उभे राहतात. ज्या घरात आधीच शिक्षक आहेत, तिथे हे सारे जेवताना कळते. आमच्या पहिल्या पिढीच्या मुलांना ते नापास झाल्यावर कळते. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा फरक आधी मोजावा.

महाविद्यालयांनी सल्लागार नेमावेत, ही मागणी आम्ही करूच. पण तोवर हात बांधून बसायचे का? आपल्यातले जे शिक्षक झाले, त्यांनी जूनमध्ये एक रविवार बुद्धविहारात बसावे. बारावीच्या मुलामुलींचे विषय बघावेत, अर्ज भरून द्यावेत, इंग्रजीची भीती घालवावी. दोन भाषा येणारी मुलगी वर्गात बोलीतल्या लेकराला पुस्तकापर्यंत नेऊ शकते. तिला कमी लेखू नका.

सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घालताना शेजारच्या मुलीला विचारा: पदवीला विषय कोणते घेतलेस?

जय भीम, जय सावित्री.