गव्हाची बिअर आणि राजाचा मक्ता

बव्हेरियाच्या ड्यूकांनी १५१६ साली फर्मान काढले, की बिअर सातू, हॉपची फुले आणि पाणी यांचीच करावी. गहू पावासाठी राखावा, हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. पण पुढे गव्हाच्या बिअरचा खास हक्क देगेनबर्ग या सरदार घराण्याकडे गेला. १६०२ मध्ये हे घराणे निर्वंश होताच ड्यूक माक्सिमिलियनने मक्ता स्वतःकडे घेतला. रयतेला जे वर्ज्य, त्यावरच सरकारी खजिना भरू लागला! आपल्याकडचा अबकारीचा इतिहास वाचलेल्यांना याचे नवल वाटू नये.

पुढे लोकांची आवड बदलली, उत्पन्न आटले. तेव्हा १८७२ मध्ये राजा दुसरा लुडविग याने हा हक्क गेओर्ग श्नायडर या बिअर गाळणाऱ्याला दिला. ही परंपरा तगली, त्यात या गृहस्थाचा वाटा मोठा.

त्याच श्नायडर कारखान्याचे हान्स-पीटर ड्रेक्सलर आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर यांनी २००७ मध्ये या बिअरमध्ये सढळ हाताने हॉप घातले. एरवी गव्हाच्या बिअरमध्ये ते बेताचेच असतात. म्युनिकला मुलीकडे गेलो असता मी ती चाखली. आधी यीस्टमुळे येणारा केळ्याचा, लवंगेचा वास. मागून संत्र्याच्या सालीसारखा कडवटपणा. मला तो रुचला. मात्र मद्यार्क ८.२ टक्के, म्हणून अर्ध्या पेल्यावर थांबलो. उरलेला जावईबापूंनी संपवला.