बागकाम-उपचार व नैराश्य

नैराश्याची लक्षणे हलकी व्हावीत म्हणून माती, रोपे आणि बागेतली कामे यांचा ठरवून केलेला वापर. औषधे व समुपदेशन यांच्या जोडीने करायचा हा उपचार आहे, त्यांच्याऐवजी नव्हे.

अमेरिकी वैद्य बेंजामिन रश यांनी १८१२ मध्ये लिहिले की, रुग्णालयाच्या आवारात खोदकाम, लाकूडतोड अशी कामे करणारे मनोरुग्ण पुष्कळदा बरे होतात. भारतात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या पुनर्वसन विभागात बागकामाला स्थान आहे. नॉर्वेत नैराश्याच्या रुग्णांना १२ आठवडे शेतांवर बागकाम देण्यात आले. त्यांचे नैराश्याचे गुण घटले आणि तीन महिन्यांनंतरही सुधारणा दिसली. मात्र तेथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१७ मध्ये २२ अभ्यास एकत्र पाहून काढलेला निष्कर्षही अनुकूल होता.

नैराश्यात माणूस एकेक काम टाळू लागतो. कामे टळली की समाधानाचे क्षणही आटतात आणि मन अधिक खचते. हे चक्र तोडायला काम लहान हवे आणि त्याचे फळ लवकर दिसायला हवे. म्हणूनच मेथी उपयोगी पडते. रात्री भिजवलेले दाणे सकाळी वाफ्यात पसरून वर बोटभरही नाही इतकी माती भुरभुरली, तर तीन-चार दिवसांत वाकलेले कोंब माती उचलून धरतात आणि महिन्याच्या आत भाजी खुडता येते. आंबा लावायला सांगणे या टप्प्यावर चुकीचेच. सकाळचे ऊन अंगावर आले की झोपेचे घड्याळही जागेवर यायला मदत होते. मातीतल्या एका जिवाणूने मन प्रसन्न होते, हा दावा उंदरांवरील प्रयोगांवर आधारलेला आहे. माणसाबाबत तो सिद्ध झालेला नाही.

लोणावळ्याशेजारच्या कुसगावात उपचाराची आखणी पावसाकडे पाहूनच करावी लागते. या पट्ट्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर आभाळ दाटलेले, ऊन दुर्मीळ, घराबाहेर पडणे अवघड. खचलेल्या माणसाला हेच दिवस जड जातात. मेथी या दिवसांत कुजते. तेव्हा पडवीत कुंड्या, परसात पाण्यावर पोसणारे अळू, मांडवावर घोसाळी, आणि जास्वंद-मोगऱ्याच्या फांद्या लावून रोपे करणे अशी कामे घ्यावीत. वाफे, खुरपणी व पालेभाज्या यांचा खरा हंगाम दिवाळीनंतर.

मावळात एक भेद काटेकोरपणे पाळायला हवा. चिखलणी, भातलावणी ही माती हाताळण्याचीच कामे. पण ज्या शेतावर घर चालते आणि कर्ज फिटायचे असते, तिथला घाम उपचार ठरत नाही. पीक गेले की तीच माती खचण्याचे कारण होते. पॉलिहाऊसमध्ये व्हॅलेंटाइनच्या मुहूर्तासाठी गुलाब काढणाऱ्यालाही हेच लागू. शेतकऱ्याला ‘तू तर रोजच मातीत असतोस, तुला कसले नैराश्य?’ असे विचारणे अन्यायाचे आहे. उपचाराच्या वाफ्यावर उत्पन्न, उधारी किंवा बक्षीस यांपैकी काहीही टांगलेले नसावे. शक्य तर तो दोघा-चौघांनी मिळून करावा. एकट्याला कुदळ देऊन परसात पाठवणे म्हणजे उपचार नव्हे.

रुग्णाच्या हाती कीटकनाशक कधीही देऊ नये. घरात असलेले कुलपात, शक्यतो घराबाहेर ठेवावे. लिथियम घेणाऱ्यांनी उन्हात फार घाम येऊ देऊ नये, पाणी पुरेसे प्यावे. काही मनोविकारविरोधी औषधांनी त्वचा उन्हाने पटकन भाजते. अशांसाठी सकाळची वेळ बरी. उठणे-जेवणेही जड झाले असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा, वाफा नंतर. मरणाचे विचार येत असतील तर माणसाला एकटे सोडू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो चोवीस तास, विनामूल्य चालतो. मराठीतही बोलता येते.